पावडरचं तिसरं मापटं

९ मार्च

आत्या,

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता दातांच्या दवाखान्यातली मदतनीस मुलगी लाँड्रीत आली, आपला कोट काउंटरवर पसरला आणि म्हणाली, "हा पांढरा आहे का, तुम्हीच सांगा." त्या क्षणापासून माझं सगळं बदललं. वार-वेळ मुद्दाम लिहितोय. पुढे कुणी विचारलं की या पोराचं डोकं नेमकं कधी फिरलं, तर तुला सांगता यावं.

तू म्हणशील, कॉलेज सोडलंस तेव्हाच फिरलं होतं. नाही. तो नुसता राग होता. प्रयोगशाळेत सरांनी चारचौघांत 'कॉपी केलीस' म्हटलं, मी वही फाडून टेबलावर ठेवली आणि निघून आलो. बाबा तेव्हापासून बोलत नाहीत. तू म्हणालीस, बसून काय करतोस, माझ्या लाँड्रीत जा. आणि जिथे तू एकतीस वर्षं मशीन चालवलीस तिथे आता मी चालवतो. चार महिने झाले. हातांना पावडरचा वास कायमचा लागलाय.

हे सगळं कागदावर, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मेसेज केला तर तू जिच्याकडे राहतेस ती ताई तुझ्याआधी वाचणार.

तर तो कोट. पांढरा नव्हता, आत्या. जुन्या चुन्याच्या भिंतीसारखा झाला होता आणि कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी. मी तोंड वर करून म्हणालो, "आहे की पांढरा." ती हसली. दिवसभर दुसऱ्यांचे आ वासलेले जबडे बघून माणूस जसा दमून हसेल, तशी. म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, असा कोट बघून पेशंट तोंड उघडायला तयार होत नाही."

मी तिला शब्द दिला. पुढच्या खेपेला दुधासारखा करून देतो म्हटलं. इस्त्रीवाले काका टेबलामागून बघत होते. ती गेल्यावर म्हणाले, "जरा इकडे ये रे, तुझ्या कानातून वाफ निघतेय, माझी इस्त्री वाचेल."

नंतर धाकट्या मालकांना विचारलं, ही असली कसली पावडर आणता? म्हणाले, "तू मशीन बघ." मशीनच बघतोय. सकाळी लॉजच्या चादरी, दुपारी सलूनचे टॉवेल, संध्याकाळी पाय बघतो, ते सुजलेले असतात. पण आता तिचे सहा कोट मी मोठ्या मशीनमध्ये टाकत नाही. छोट्या मशीनमध्ये वेगळे धुतो. माझ्या हातात आहे तेवढं तर मी करणारच.

तुझा,
तडतड्या


१७ मार्च

तडतड्या,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

मुलीबद्दल दीड पान आणि लाँड्रीबद्दल चार ओळी, याला काय म्हणावं? नीट लिही. टॉवेल कडक होतात का? चादरींवर राखाडी झाक आहे की पिवळी? गिऱ्हाईकं बोलून दाखवतात की गप्प बसतात? धाकटे मालक काय म्हणतात? त्यांचा चेहरा कसा होतो? माझ्या वेळी चादरी दोरीवर टाकल्या की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं पडदे ओढून घ्यायची, इतके डोळे दिपायचे.

मी बरी आहे. ताईची मशीन न्हाणीघरात आहे. मला हात लावू देत नाही. म्हणते, आयुष्यभर केलंस, आता बस. मग मी मशीन सुरू झाली की तिच्यावर तळहात टेकून उभी राहते. आवाज येत नाही पण थरथर कळते. कपडे एका बाजूला गोळा झाले की मला आधी कळतं, ताईला मागून.

मुलगी चांगली असेल. पण शब्द देताना जरा थांबावं माणसाने. कोट तिचा, नाव लाँड्रीचं, त्यात तुझं काय आहे? आणि रागाच्या भरात मशीन भरू नकोस. तू रागात असलास की तुझा हात सैल सुटतो. लहानपणी तुला पानात मीठ वाढायला सांगायचीसुद्धा मला भीती वाटायची.

टॉवेलबद्दल लिही.

आत्या


२८ मार्च

आत्या,

तुझे टॉवेल घे आधी. टॉवेल इतके कडक की काकांनी काल एक भिंतीला टेकवून उभा केला आणि त्याला "या, बसा" म्हणाले. चादरी राखाडी. सलूनवाला रोज येऊन बोलतो. मोठ्या मशीनचा हीटर बंद पडला, मेकॅनिकने बाहेर काढला तर त्याच्यावर बोटभर जाड पांढरा थर. हातोडीने फोडला तर अंड्याच्या टरफलासारखे तुकडे पडले. मालकांचा चेहरा म्हणशील तर खाली पडलाय. झालं समाधान? एवढी चौकशी तू माझ्या तब्येतीची केली नाहीस कधी.

आता माझं ऐक. तिचे कोट उजळले! दुधासारखे नाही, पण फरक आहे. कसं केलं सांगतो, कुणाला बोलू नकोस. एका खेपेला पावडरचं एक मापटं टाकायचं असा नियम आहे. मी तिच्या कोटांना दोन टाकली. मग म्हटलं, दोनने एवढं होतं तर तीन का नाही? आता तीन टाकतो. शेवटचं पाणी मी अर्ध्यावरच थांबवतो, नाहीतर पावडरचा वास सगळा निघून जातो. परवा ती कोट न्यायला आली, नाकाशी धरून म्हणाली, "वास किती छान येतोय हो." त्या एका वाक्यावर मी दोन दिवस जेवलो नाही, आणि दोन्ही दिवस पोट भरलेलं होतं.

पण काल एक झालं. ती रस्त्यापलीकडून जाताना दिसली, गळ्याला रुमाल बांधलेला. रेशमी, निळा. एवढ्या उकाड्यात! आज पुन्हा तोच, अंगात लांब बाह्यांचा ब्लाऊज. कोण आहे तो, ज्याच्यासाठी एवढं नटणं चाललंय? दवाखान्यात दात बसवायला येणारा एक माणूस आहे, मोटारसायकलवाला. तोच असणार. माझ्या कोटांवर दुसऱ्याचं फावतंय. मी कोट पांढरे करायचे आणि त्याने ते बघायचे.

या सगळ्यात मालकांशी पुन्हा वाजलं. मी म्हटलं, पावडरीत तुम्ही खडूची भुकटी घेऊन येता. पोतं उचलून त्यांच्या पायाशी आपटलं, ते फुटलं. त्यांनी पायांवरची पावडर झटकली. मग म्हणाले, "तुझ्या आत्याकडे बघून ठेवलाय तुला. त्यांना घरी बसवलं ते माझ्या मनाला लागलंय, म्हणून." ती पावडर मीच झाडून काढली. दोन तास लागले. खूप दमलोय आत्या.

तडतड्या


६ एप्रिल

अरे गाढवा,

उकाड्यात गळ्याला रुमाल आणि हातभर बाह्या मुलगी कोणासाठी बांधत नाही. ती काहीतरी झाकतेय.

एक काम कर, आजच कर. तिचा धुतलेला, इस्त्री केलेला एखादा कोट घे. बादलीत प्यायचं पाणी घे, बोअरचं नको. पावडर टाकू नकोस, काही टाकू नकोस. त्यात कोट बुडव आणि हाताने चांगला खळबळ. पाणी निवळ राहिलं तर मी वेडी. फेस आला तर ती तुझी तीन मापटी आहेत. ती कोटातून कधी गेलीच नाहीत. घाम आला की ती अंगावर उतरतात आणि कातडी सोलवटते. मशीनच्या खोलीत माझ्या हाताखाली एक बाई होती, तिचे हात महिनाभर मी बघितलेत.

दुसरं, एका बाटलीत बोअरचं पाणी घे, साबणाचा चुरा टाक, हलव. काय दिसतं ते लिही.

मोटारसायकलवाल्याला सोडून दे. त्याला त्याच्या दातांचं पडलंय.

लगेच कळव.

आत्या


११ एप्रिल

आत्या,

फेस आला.

काउंटरखाली तिचा एक कोट राहिला होता, तो बुडवला. पहिल्या हिसक्याला पाण्यावर साय आली, दुसऱ्याला मनगटापर्यंत फेस. काका बघत होते. या वेळी त्यांनी नुसती इस्त्री उभी केली.

बाटलीत उलटं. बोअरच्या पाण्यात साबण टाकून हात दुखेपर्यंत हलवलं, फेसाचं नाव नाही. पाणी फाटलेल्या दुधासारखं झालं, वर गुठळ्या.

ती आठवडाभर कामावर नाही. दवाखान्यातली झाडूवाली मावशी टॉवेल घेऊन आली, तिने सांगितलं. मानेला आणि मनगटांना लाल चट्टे, खाजवून खाजवून पाणी सुटलंय. डॉक्टर म्हणाले, असले हात पेशंटच्या तोंडाजवळ चालायचे नाहीत, लागण व्हायची. बरी होऊन ये, पुन्हा उठलं तर मात्र दुसरी बघावी लागेल. मावशी म्हणाली, घरात कमावणारी ती एकटीच आहे.

तो रुमाल मी केला, आत्या. आणि जळतही मीच होतो त्याच्यावर.

दुष्फेन पाण्याचा, म्हणजे साबणाला फेस न येणाऱ्या पाण्याचा धडा दुसऱ्या वर्षाला होता. मी वही फाडली त्याच्या पुढच्या आठवड्यात तो शिकवला म्हणे.

आता एक सरळ सांग. बोअर तीच, मशीन तीच, पावडरसुद्धा त्याच कंपनीची, काकांनी जुनं पोतं दाखवलं. मग तू एकतीस वर्षं पांढरं कसं काढलंस?


१६ एप्रिल

बाळा,

हे पत्र तीन दिवस लिहितेय. दोन कागद फाडले. राग आपल्या घराण्यात तुझ्यापासून सुरू झालेला नाही.

मोठ्या मशीनच्या मागे भिंतीला लागून माणसाच्या उंचीची निळी टाकी आहे. तिच्या शेजारी झाकणाचं पिंप. तू त्यावर बहुतेक जेवणाचा डबा ठेवत असशील. मी लागल्यावर पाच वर्षांनी मोठ्या मालकांनी बोअर मारली, तेव्हा ती बसवून घेतली. तिथलं पाणी दगडातून येतं, येताना चुना घेऊन येतं. पावडर टाकली की तिची निम्मी ताकद त्या चुन्याशी झटण्यातच जाते, आणि त्या झटापटीतून जो मळ तयार होतो तोच कपड्यावर बसतो. तुला दिसली ती राखाडी झाक म्हणजे तोच. हीटरवरचा थर म्हणजे तोच चुना.

टाकीच्या आत मोहरीएवढे दाणे आहेत. पाणी त्यांच्यातून जाताना ते चुना धरून ठेवतात आणि मशीनला मऊ पाणी मिळतं. पण आठवडाभरात दाणे भरतात. मग त्यांना मिठाच्या पाण्याने धुऊन मोकळं करायचं. दर शनिवारी शेवटची खेप निघाली की मी पिंपात जाडं मीठ ओतायची, टाकीची दांडी उजवीकडे फिरवायची, तासाभराने मूळ जागी आणायची. मिठाचं पाणी गटारात जातं, कपड्यांपर्यंत पोचतसुद्धा नाही. एवढंच काम. सव्वीस वर्षं मीच करत होते, म्हणून दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

मोठे मालक गेले, धाकटे बसले. एकदा त्यांना सामानाच्या यादीत मिठाची पोती दिसली. सगळ्यांसमोर म्हणाले, "आत्याबाई, लाँड्रीत मीठ कशाला? आत खानावळ काढलीत का?" मला ऐकू आलं नाही. मला फक्त सगळे हसताना दिसले. मीही हसले त्यांच्याबरोबर. नंतर इस्त्रीवाल्याने कागदावर लिहून दाखवलं की काय म्हणाले.

मी एक शब्द बोलले नाही. नको ना मीठ? नको तर नको. यादीतून ते गेलं. दोन महिन्यांनी, मशीनची घंटी ऐकू येत नाही म्हणून मला घरी बसवलं. जाताना हार घातला. बाई, आत तुम्ही काय काय करत होता, असं कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे विचारलं असतं तरी सांगितलं असतं का, मला माहीत नाही.

तुला तिथे चिकटवलं तेव्हा तुलाही सांगितलं नाही. तुझं पहिलं पत्र तीनदा वाचलं, ते मुलीसाठी नव्हतं. कोट पांढरा निघाला नाही, हे पुन्हा पुन्हा वाचायला वाचलं. बरं वाटलं मला. टॉवेल उभा राहिला हे वाचून तर मी एकटीच हसले, ताई विचारत होती काय झालं. त्याच पत्रात मुलीचा रुमाल होता. तिथे हसू थांबलं.

त्या पोरीचं आणि माझं काही वैर नव्हतं. धाकट्या मालकांना धडा मिळावा म्हणून मी गप्प बसले आणि कातडी तिची गेली.

मीठ आण. दांडी फिरव. पावडर एक मापटं, तेही सपाट. तिचे सगळे कोट परत आणून साध्या मऊ पाण्यात चार वेळा काढ. आणि डॉक्टरांना जाऊन सांग की हा रोग नाही, पावडर आहे. माझं नाव सांग हवं तर.

आत्या


१९ एप्रिल

तुला माहीत होतं.

मी तुला हीटरचं लिहिलं, टॉवेलचं लिहिलं, पोतं फोडलं ते लिहिलं, आणि तू वाचत बसलीस. मजा बघत बसलीस. एका ओळीचं काम होतं. 'पिंपात मीठ टाक.' तीन शब्द.

सरांनी कॉपीचा आळ घेतला तेव्हा घरात तू एकटी माझ्या बाजूने होतीस. म्हणून तुला सगळं लिहीत होतो. आता तू सांगितलेलं मी काही करणार नाही. मीठ तुझं तुलाच ठेव.

उत्तर पाठवू नकोस. फोडणार नाही.


९ मे

तडतड्या,

हे न फोडता टाकून देशील तरी चालेल, पण पाकिटावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय: मालकांना वेगळं पत्र टाकलं आहे. टाकीचं, मिठाचं, माझ्या गप्प बसण्याचं, सगळं लिहिलंय. माझी बाजू मांडलेली नाही, नुसतं काय झालं ते लिहिलंय. तू मध्ये नाहीस. माझं मी निस्तरते.

तू माझ्यावर राग धर, त्यात खोट नाही. फक्त राग धरून बसू नकोस. बसलं की काय होतं ते मी केलेलं आहे. बसल्याबसल्या दिवस जातात आणि आपल्याला वाटतं आपण काहीतरी करतोय.

तिचे कोट धुतलेस का?

 अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

आत्या


१६ मे

आत्या,

पत्र फोडलं. आधीचंही पुन्हा वाचलं.

नाही धुतले कोट. तीन आठवडे मी तुझ्यावर रागावण्यात घालवले. सकाळी उठून रागवायचो, मशीन भरताना रागवायचो, जेवताना काकांना तुझ्याबद्दल सांगायचो. ते एवढंच म्हणाले, "आम्हाला वाटायचं मीठ ती घरी नेते. विचारायला लाज वाटली." आणि एवढे दिवस तिचे पाच कोट दवाखान्याच्या कपाटात तसेच लटकत होते, तीन-तीन मापट्यांसकट. घेऊन यायला रस्ता ओलांडायचा होता. तिच्यासमोर कसं जायचं, म्हणून नाही गेलो. त्याला मी तुझ्यावरचा राग असं नाव दिलं होतं.

ती महिन्याच्या सुरुवातीला बरी होऊन कामावर आली. कपाटातला कोट घातला. तिसऱ्या दिवशी मान पुन्हा लाल. डॉक्टरांची खात्रीच पटली, हा अंगातला रोग आहे, मिटून पुन्हा उठतो. मावशीने परवा सांगितलं, तिला कामावरून काढलं, सोमवारी ती कपाटाची चावी परत द्यायला येणार.

शनिवारी तुझं पत्र मालकांना मिळालं. उभ्याने वाचायला लागले, मग पावडरच्या पोत्यावर बसले. वाचून झालं तरी कागद हातात. म्हणाले, "मी म्हटलं होतं ते, खानावळीचं. लोक हसले म्हणून मलाही बरं वाटलं होतं तेव्हा." मग स्वतः गेले आणि मिठाचं पोतं खांद्यावर घेऊन आले. मी पिंपावरचा डबा उचलला. हो, तिथेच ठेवत होतो. मीठ ओतलं, दांडी फिरवली. तासाभराने पुन्हा फिरवली. बाटलीत पाणी घेऊन चुरा टाकून हलवलं तर फेस बुचापर्यंत.

मग मी काय केलं? सवयीने दोन मापटी टाकली. सलूनच्या टॉवेलांना हल्ली दोन लागत होती ना. दहा मिनिटांत मशीनच्या तोंडातून फेस बाहेर, फरशीवरून काउंटरपर्यंत. काका खुर्चीवर चढून उभे, "अरे, इस्त्रीची वायर, वायर!" मालक पायजमा वर धरून. सगळे हसलो. कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत हसलो. संध्याकाळी टॉवेल काढले तर हातात लोण्यासारखे दुमडले.

मी मालकांना म्हटलं, आता डॉक्टरांना सांगून येतो. त्यांचं हसू गेलं. म्हणाले, "पाणी सुधारलं, विषय संपला. तू दवाखान्यात जाऊन सांगशील, उद्या सलूनवाला विचारेल, परवा लॉजवाला. माझ्या लाँड्रीने मुलीची कातडी सोलली असं गावभर होईल. तिकडे गेलास तर इकडे येऊ नकोस." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मीही ओरडलो नाही. एवढी ताकद राहिली नव्हती.

रविवारी काकांना टाकीजवळ उभं केलं. दांडी कुठे, मीठ किती, तासभर कशाला, सगळं त्यांच्याच हातून करवून घेतलं. टाकीमागच्या भिंतीवर तेच सगळं तेलरंगाने मोठ्या अक्षरात लिहिलं, पुसलं जाऊ नये म्हणून. काका म्हणाले, "आत्याबाई असं लिहून गेल्या असत्या तर?" मी म्हटलं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तुझी बाजू घेतली असं नाही. अजून राग आहे माझा. पण ते खरं आहे, म्हणून म्हणालो.

काल सोमवारी सकाळी रस्ता ओलांडला. दवाखान्यात तीन पेशंट बसले होते, एकाचा गाल टरारून सुजलेला. ती टेबलाशी उभी होती, चावी समोर. मानेला तोच निळा रुमाल. डॉक्टर हात पुसत बाहेर आले. मी म्हटलं, "मी समोरच्या लाँड्रीत मशीन चालवतो. यांना रोग नाही. मी केलंय ते."

डॉक्टर म्हणाले, "काय केलंस?"

सांगून कुणाला पटलं असतं? मी कपाटातला एक कोट मागितला. तिनेच काढून दिला, माझ्याकडे न बघता. दवाखान्यात पेशंटच्या चुळा भरायला प्यायच्या पाण्याचं भांडं असतं, ते बेसिनमध्ये उपडं केलं आणि कोटाची बाही त्यात दाबून चोळली. बेसिन फेसाने भरलं. बाही पिळली, आणखी फेस. सुजक्या गालाचा माणूस उठून बघायला आला आणि म्हणाला, "अहो, हे तर धुतलेलं आहे म्हणता ना?" डॉक्टरांनी बोटावर फेस घेतला, दोन बोटांत चोळला. मग तिला म्हणाले, "मनगट दाखव." चट्टे बरोबर बाहीच्या काठापाशी थांबलेले होते. ते त्यांनी इतक्या दिवसांत पाहिलं नव्हतं. पेशंटचे दात सोडून ते काही बघत नसावेत.

डॉक्टरांनी बोटांवरचा फेस पुसला. म्हणाले, "चावी ठेव तुझ्याकडे. दोन आठवडे घरचे कपडे घालून ये, टेबलावरचं काम बघ." आणि आत गेले.  त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती चावीकडे बघत होती. मग म्हणाली, "सगळ्यांच्या कपड्यांत एवढी पावडर टाकता?"

"नाही. एवढी फक्त तुमच्या."

"का?"

आत्या, याचं उत्तर माझ्याकडे मार्चपासून तयार होतं. रात्रंदिवस घोकून तयार केलेलं. रुमालाची गाठ सैल झाली होती, तिने ती घट्ट करायला हात वर केला आणि मानेला कापड लागल्याबरोबर डोळे मिटले. मी म्हटलं, "मला वाटलं, जास्त टाकली की जास्त पांढरे होतील."

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तिला सगळं कळलं असणार. तोंडं बघून माणसाचं दुखतंय कुठे हे ओळखायचं तिचं रोजचं कामच आहे. रागावली नाही. नुसती दमलेली दिसली.

म्हणाली, "मला विचारायचं होतं एकदा. इतकंच तर होतं."

मी म्हटलं, "कोट मी नेतो, चार पाण्यांतून काढून आणतो."

"नको. मी घरी काढीन." मग जरा थांबून, "तुमची नोकरी?"

"आहे," म्हटलं. खोटं बोललो, पण हे शेवटचं.

तिने ओली बाही बेसिनमधून उचलली आणि पिळायला लागली. फेस येतच होता. मी मदतीला हात पुढे केला नाही. सुजक्या गालाच्या माणसाने पाय आत ओढून मला वाट दिली. मी बाहेर आलो आणि दार हळूच लावून घेतलं.